विमान ‘बनवणे’ आणि विमान ‘सुधारणे’: वालचंदांच्या बंगळूरपासून नाशिकच्या ओझरपर्यंत

शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवले, हा मजकूर वर्षातून दोनदा तरी माझ्यापर्यंत येतो. पाठवणारा बहुधा इतिहासावर मनापासून प्रेम करणारा असतो, म्हणून राग येत नाही. परंतु त्या उड्डाणाचा विश्वासार्ह समकालीन पुरावा कोणी पुढे ठेवत नाही. ज्या ‘वैमानिकशास्त्रा’चा दाखला त्यासोबत जोडला जातो, त्याची परीक्षा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ साली केली. ग्रंथ विसाव्या शतकाच्या आरंभीचा आहे आणि त्यात वर्णिलेली याने उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. तळपदे हे जिज्ञासू गृहस्थ होते, एवढे मान्य करून मी त्यांना या धाग्यापुरती रजा देतो.

माझी तक्रार वेगळी आहे. या एका गोष्टीने एवढी जागा अडवली आहे की, सोलापूरचा एक उद्योजक, कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेला एक शास्त्रज्ञ आणि नाशिकजवळचे हजारो कामगार यांनी प्रत्यक्ष घडवलेला लष्करी विमानांचा इतिहास आपल्याला शाळेत कोणी सांगत नाही. त्याचे एक कारण मला असे दिसते: तो इतिहास शोधाचा कमी आणि दुरुस्तीचा अधिक आहे. दुरुस्तीला आपण इतिहास मानत नाही. माझ्या मते ही आपली मोठी चूक आहे, आणि ती का, हे या धाग्यात मांडायचे आहे.

साखरपट्ट्यातील वाचकांना एक उदाहरण पुरेल. गाळप हंगाम संपला की कारखान्यातील टर्बाइन, पंप, मिलचे रोलर खोलून ठेवले जातात. झिजलेले बदलतात, बसलेले मोकळे करतात, जमल्यास क्षमता थोडी वाढवतात. आमच्या राहुरीकडे या महिन्यांना ओव्हरहॉलिंगचे दिवस म्हणतात. पुढील हंगामात कारखाना किती ऊस गाळणार, हे याच दिवसांत ठरते. युद्धकाळातील हवाईदलाचे गणित याहून फार निराळे नसते.

जगातील प्रसिद्ध उदाहरण स्पिटफायरचे आहे. मार्च १९३६ मध्ये ते प्रथम उडाले, तेव्हा त्याच्या मर्लिन इंजिनाची ताकद सुमारे एक हजार अश्वशक्ती होती. युद्ध संपेपर्यंत त्याच नावाच्या विमानात दोन हजार अश्वशक्तीच्या पुढचे ग्रिफन इंजिन बसले होते. पंख, प्रोपेलर, तोफा, इंधनटाक्या, सारे बदलत गेले आणि नाव तेवढे टिकले. उलट जपानचे झीरो १९४१ मध्ये पूर्वेकडील आकाशात अजिंक्य भासत होते. त्याचे इंजिन ९४० अश्वशक्तीवरून जेमतेम ११३० पर्यंत वाढले. तोवर अमेरिकेने दोन हजार अश्वशक्तीची विमाने समोर आणली होती. उत्तम आराखडा असूनही सुधारणेला वाव न राहिल्याने झीरो मागे पडले. वाचकहो, ‘इंजिन’ हा शब्द लक्षात ठेवा. पुढे तो पुन्हा येणार आहे.

आता आपल्याकडे. भारतीय हवाईदलाची पहिली तुकडी १ एप्रिल १९३३ रोजी कराचीच्या ड्रिग रोड तळावर उभी राहिली, तीही चार वापिती विमानांवर. दुहेरी पंखांचे, उघड्या कॉकपिटचे हे विमान तेव्हाच जुने होते. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर किनाऱ्यावरील गस्तीसाठी तटरक्षणाच्या तुकड्या उभारल्या गेल्या, त्यांतील एक मुंबईची. या तुकड्यांनाही प्रथम मिळाली ती वापितीच. ब्रिटनला स्वतःच्या बचावासाठी विमाने पुरत नव्हती. भारताच्या वाट्याला उरलेसुरले येत होते.

पहिल्या तुकडीला पुढे लायसँडर विमाने मिळाली, तीही मुंबईकरांच्या युद्धनिधीतून. लायसँडरचे काम पायदळासाठी टेहळणी करणे. ते संथ होते, पण आखूड धावपट्टीवर उतरू शकत होते. १९४२ च्या फेब्रुवारीत ही तुकडी ब्रह्मदेशात तौंगू येथे पोहोचली आणि जपान्यांनी त्या तळावर बाँब टाकले. करुण कृष्ण मजुमदार या तुकडीप्रमुखाने प्रत्युत्तर द्यायचे ठरवले. पण टेहळणीच्या विमानातून बाँबफेक करायची कशी? तुकडीचे तांत्रिक प्रमुख हरजिंदर सिंग यांनी प्रत्येकी २५० पौंडांचे दोन बाँब वाहता येतील अशी जुळणी लायसँडरवर करून घेतली, आणि ती विमाने थायलंडच्या हद्दीतील मे हाँग सोन येथील जपानी तळावर चालून गेली.

हरजिंदर सिंग लाहोरच्या मॅक्लेगन महाविद्यालयातून अभियांत्रिकी शिकून आले होते, आणि भरती झाले ते ‘हवाई शिपाई’ म्हणून. वसाहतीच्या हवाईदलात हिंदी अभियंत्याची सुरुवात तिथून होत असे. मजुमदारांचे नाव शौर्यकथांत येते, आणि ते यायलाच हवे. मात्र ज्या हातांनी ते बाँब विमानाला अडकवता आले, ते हात बहुतेक कथांत तळटीपेपुरतेही नसतात.

येथून वालचंद हिराचंद यांच्याकडे वळू. सोलापुरात स्थायिक झालेल्या गुजराती जैन कुटुंबात १८८२ साली त्यांचा जन्म झाला. लक्ष्मणराव फाटक यांच्यासोबत रेल्वेची कंत्राटे, बोरघाटातील बोगदे, १९१९ साली सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन, वालचंदनगरची साखर: या माणसाला एक धंदा कधी पुरलाच नाही. गं. दे. खानोलकरांनी लिहिलेले त्यांचे चरित्र जुन्या ग्रंथालयात मिळाले तर जरूर वाचा.

१९३९ मध्ये मोटारींच्या कारखान्याची बोलणी करण्यासाठी वालचंद अमेरिकेला गेले होते. परतीच्या विमानप्रवासात त्यांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकी व्यावसायिकाशी पडली. पॉली चीनसाठी विमाने जुळवत होता. ब्रह्मदेशाच्या सीमेलगत लोईविंग येथे त्याचा कारखाना होता. चीनमध्ये युद्धाच्या तोंडावर विमानाचा कारखाना चालू शकतो, तर भारतात का नाही, असा सरळ प्रश्न वालचंदांना पडला. सरकारची अनुमती सहज मिळाली नाही. फ्रान्स पडल्यावर आणि पूर्वेकडील धोका दिसू लागल्यावर दिल्लीचा सूर बदलला. २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळुरात हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनीची नोंदणी झाली. म्हैसूर संस्थानाने जमीन आणि २५ लाख रुपयांचे भांडवल दिले. दिवाण मिर्झा इस्माईल यांचा पाठिंबा निर्णायक ठरला. मुंबई प्रांतातील उद्योजकाला कारखाना मुंबईत न काढता संस्थानी मुलखात काढावासा वाटला, यातही त्या काळाची एक खूण आहे. संस्थानिकाला निदान स्वतःच्या दरबारात निर्णय घेता येत होता.

कारखान्यात बनवायचे काय होते? हार्लो नावाचे सराव विमान, कर्टिस हॉक हे लढाऊ विमान आणि व्हल्टी हे बाँबफेकी. तिन्ही अमेरिकी आराखडे. लोईविंगवर जपानी बाँब पडल्यानंतर पॉलीची काही यंत्रसामग्रीही बंगळुरास आली. ऑगस्ट १९४१ मध्ये पहिले हार्लो उडाले, जुलै १९४२ मध्ये पहिले हॉक. कंपनीच्या नोंदणीपासून पहिल्या उड्डाणापर्यंत जेमतेम आठ महिने! सुटे भाग परदेशी होते हे खरे. परंतु ज्या देशात मोटारगाडीचे इंजिनही तयार होत नव्हते, तिथे रिव्हेट मारणारा, पत्रा वळवणारा, नकाशा वाचणारा कामगार त्या आठ महिन्यांत तयार करावा लागला. ‘नुसती जोडणी’ असे म्हणणाऱ्यांनी हा भाग विसरू नये.

पहिले हॉक उडाले तेव्हा मात्र कारखाना वालचंदांचा राहिला नव्हता. १९४१ मध्येच भारत सरकार भागीदार झाले होते. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडले, ८ मार्चला रंगून. २ एप्रिलला सरकारने वालचंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हिस्सा विकत घेतल्याचे जाहीर केले. चारच दिवसांनी विशाखापट्टणम आणि काकिनाडा येथे जपानी बाँब पडले, यावरून त्या दिवसांतील घबराट लक्षात यावी. पुढे कारखान्याचा भर उत्पादनावरून दुरुस्तीवर गेला, आणि १९४३ मध्ये तो अमेरिकी हवाईदलाच्या ताब्यात आला. डकोटा, मिचेल, लिबरेटर, कॅटालिना अशी आघाडीवरून आलेली विमाने आणि त्यांची इंजिने बंगळुरात खोलली जाऊ लागली. हॉकची गणती हाताच्या बोटांवर संपली.

या घटनेवर दोन ठाम मते ऐकू येतात. पहिले राष्ट्रवादी मत: ब्रिटिशांनी भारतीय विमानउद्योगाचा गळा घोटला. दुसरे: युद्धाची गरज होती, भागधारकांना मोबदला मिळाला, तक्रार कसली? लष्करीदृष्ट्या दुसऱ्या मतात तथ्य आहे. कर्टिस हॉकचा आराखडा १९३५ चा. १९४२ मध्ये झीरोसमोर ते जुनाट ठरत होते. अमेरिकेहून बोटींनी नवी विमाने येत असताना बंगळुरात महिन्याला एखाददुसरे जुने विमान बनवण्यापेक्षा मोडलेली शंभर विमाने पुन्हा उडती करणे अधिक शहाणपणाचे होते. मी त्या वेळी त्या खुर्चीत असतो तर बहुधा हेच केले असते.

परंतु खुर्ची कोणाची होती, हा खरा प्रश्न आहे, आणि त्यासाठी ऑस्ट्रेलियाकडे पाहिले पाहिजे. तिथे १९३६ मध्ये कॉमनवेल्थ एअरक्राफ्ट कॉर्पोरेशन स्थापन झाली. त्यांनीही सुरुवात परकीय आराखड्यानेच केली. अमेरिकी सराव विमानाचा परवाना घेऊन ‘विरावे’ बनवले, ते मार्च १९३९ मध्ये उडाले. १९४२ मध्ये जपान दाराशी आले, आपल्या आणि त्यांच्याही. ऑस्ट्रेलियनांनी विरावेचेच अनेक भाग वापरून, त्यावर जास्त ताकदीचे इंजिन चढवून ‘बूमरँग’ हे लढाऊ विमान उभे केले. मे १९४२ अखेरीस ते हवेत होते. २५० बूमरँग बनली. लढाऊ विमान म्हणून त्याची कामगिरी यथातथाच. न्यू गिनीच्या जंगलात पायदळाला साहाय्य करण्यापुरते ते उपयोगी पडले. हॉकपेक्षा फार थोर विमान होते, असा दावा कोणी करणार नाही.

मग फरक कुठे पडला? बूमरँगमधील ट्विन वॉस्प इंजिन ऑस्ट्रेलियातच, परवान्यावर बनत होते. आराखड्यात बदल करायचा निर्णय तिथल्याच लोकांनी, स्वतःला निवडून दिलेल्या सरकारच्या पाठिंब्याने घेतला. साधारण विमानाच्या बदल्यात त्यांना आराखडा बदलण्याचा सराव आणि इंजिन बनवण्याचा सराव, असे दोन्ही मिळाले. बंगळूरच्या कामगाराला खोलण्याचा आणि जुळवण्याचा अजोड सराव मिळाला, पण बदलण्याचा अधिकार मिळाला नाही. दिल्लीतील सरकार भारतीयांना उत्तरदायी असते तर त्याने कदाचित तोच निर्णय घेतला असता. पण दुरुस्तीच्या शेजारी एक छोटा आराखडा विभाग जिवंत ठेवावा, इंजिनाचा परवाना मागावा, असा आग्रह धरणारे कोणी तरी त्या खोलीत असते. वसाहतीत नेमके हेच गमावले जाते. कारखाना उभा राहू शकतो, कामगार शिकू शकतात, नफाही होऊ शकतो. पुढच्या पायरीचा हट्ट धरणारा माणूस तेवढा निर्णयाच्या जागी नसतो.

तो आग्रह धरण्याची योग्यता असलेला माणूस बंगळुरात होता, हे अधिक चटका लावणारे आहे. विष्णू माधव घाटगे, जन्म १९०८, कोल्हापूर जिल्हा. जर्मनीत ग्योटिंगेन येथे लुडविग प्रांटल यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. आधुनिक वायुगतिकी ज्यांनी घडवली त्यांत प्रांटलचे नाव अग्रभागी आहे, एवढे सांगितले तरी पुरे. घाटगे हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये आले आणि युद्धकाळातच त्यांनी सैनिक वाहून नेणाऱ्या दहा आसनी ग्लायडरचा आराखडा केला. ग्लायडरला इंजिन लागत नाही. देशात जे नव्हते ते वगळून जे करता येईल ते त्यांनी केले! ते काम नमुन्यापलीकडे गेले नाही. १९४२ च्या अखेरीस भारतीय विज्ञान संस्थेत विमानविद्येचा विभाग सुरू झाला, त्याच्या आरंभीच्या अध्यापकांतही घाटगे होते. स्वातंत्र्यानंतर त्यांच्या नेतृत्वाखाली घडलेले एचटी-२ हे सराव विमान ऑगस्ट १९५१ मध्ये उडाले. अशी दीडशेहून अधिक विमाने बनली आणि वैमानिकांच्या पिढ्या त्यांवर शिकल्या. त्याचे इंजिन मात्र ब्रिटिश होते. तळपद्यांचे नाव ऐकलेल्या दहा जणांना घाटगे कोण, हे एकदा विचारून पाहा.

दुरुस्तीच्या त्या सरावाचे फळ १९४८ मध्ये दिसले. युद्ध संपताच अमेरिकी मालकीची लिबरेटर बाँबफेकी विमाने कानपूरच्या चकेरी तळावर टाकून देण्यात आली. करारानुसार ती पुन्हा वापरता येऊ नयेत म्हणून मोडायची होती, आणि मोडलीही: इंजिनांत वाळू घातली, उपकरणांवर घण घातले, असे सांगितले जाते. फाळणीनंतर काश्मीरचे युद्ध पेटले तेव्हा भारताकडे जड बाँबफेकी विमानच नव्हते. हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या पथकाने त्या ढिगाऱ्यात एका विमानाचा पंख, दुसऱ्याचे शेपूट, तिसऱ्याचे इंजिन अशी निवड केली. कंपनीचे चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी जेमतेम उडण्याजोगी केलेली ही विमाने एकेक करून कानपूरहून बंगळुरास नेली. तिथे त्यांची पूर्ण दुरुस्ती झाली. अशी चाळीसहून अधिक लिबरेटर पुन्हा सेवेत आली आणि नोव्हेंबर १९४८ मध्ये त्यांवर पाचवी तुकडी उभी राहिली. १९५१ पासून सहाव्या तुकडीने पुण्याहून समुद्रावरील टेहळणीसाठी तीच विमाने उडवली. शेवटची लिबरेटर १९६८ अखेरीस निवृत्त झाली. अमेरिकेने अशी अठरा हजारांहून अधिक विमाने बनवली होती. आज जगातील संग्रहालयांत जी मोजकी उरली आहेत, त्यांतील कित्येक या भारतीय ढिगाऱ्यातून उठलेली आहेत. ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्सच्या संग्रहालयातील लिबरेटरही भारताने भेट दिलेले आहे. जे विमान हजारोंनी वापरले त्याचा नमुना ब्रिटिशांना भारताकडून घ्यावा लागला, यात मला थोडी गंमत वाटते, हे कबूल.

याच परंपरेचे पुढचे ठाणे आपल्या घराजवळ आहे. १९६२ नंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले, १९६३ मध्ये नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध गेले, आणि १९६४ मध्ये नाशिकजवळ ओझर येथे मिग-२१ चा कारखाना आला. इंजिने कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला, सांगाडा आणि अंतिम जुळणी ओझरला. साडेसहाशेहून अधिक मिग-२१ भारतात बनली. १९९६ मध्ये त्यांतील सुमारे १२५ विमानांच्या सुधारणेचा करार झाला आणि ‘बायसन’ जन्मले. कोप्यो रडार, नवी क्षेपणास्त्रे, वैमानिकाच्या शिरस्त्राणात बसवलेली नेम धरण्याची यंत्रणा असे सारे नवे आले. साठच्या दशकातील विमानाला एकविसाव्या शतकात लढता येईल असे करण्याचे हे काम बव्हंशी ओझरला झाले. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला मिग-२१ चा निरोप समारंभ झाला, तेव्हा ‘उडती शवपेटी’ हे विशेषण पुन्हा सर्वत्र फिरले. अपघातांत गेलेल्या तरुण वैमानिकांचे दुःख खरे आहे आणि बदली विमाने वेळेवर न आणणाऱ्यांना जाब विचारलाच पाहिजे. तो जाब फिटरला विचारू नये, एवढेच माझे म्हणणे. आता ओझरला तेजसची जुळणी सुरू आहे. तेजसचा आराखडा आपला आहे, इंजिन अमेरिकी आहे. बंगळुरात १९४२ मध्ये राहून गेलेली पायरी अजून चढायची आहे.

ओझरला सुरुवातीच्या वर्षांत विशीत भरती झालेले कामगार आज ऐंशीच्या घरात आहेत. त्यांतील बरेच जण आयटीआयमधून आलेले, शेतकरी घरातील. रशियन नकाशावरचे मोजमाप त्यांनी एकमेकांना कोणत्या शब्दांत समजावले? कोणत्या अवजाराला कोणते मराठी नाव पडले? पहिले विमान धावपट्टीवर गेले तेव्हा पाळीतील लोक कुठे उभे होते? अधिकृत कागदपत्रांत अशा गोष्टी सहसा नसतात. नगर-नाशिककडच्या वाचकांपैकी कोणाचे आजोबा, मामा, शेजारी त्या कारखान्यातून निवृत्त झाले असतील, तर या दिवाळीच्या सुट्टीत फोनचे ध्वनिमुद्रण सुरू करून त्यांच्यासमोर तासभर बसा. पहिला प्रश्न मिगचा नको. पहिल्या दिवशी हातात कोणते हत्यार दिले, ते विचारा.